अप्पांचं पदक आणि तीन रकाने

आमच्या बैठकीच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता. पूर्वी त्यावर घड्याळ होतं. घड्याळ पडलं, फुटलं आणि खिळा मागे राहिला. माणूस रिकामा बसला तर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण रिकामा खिळा आल्यागेल्याच्या डोळ्यांत खुपतो. तरी नऊ महिने आम्ही त्या खिळ्यासमोर सुखाने नांदलो. मग शेजारच्या मॅनेजरांनी आपल्या भिंतीवर सन्मानपत्र लावलं.

मॅनेजर म्हणजे बँकेतले निवृत्त मॅनेजर. पस्तीस वर्षांत एकदाही उशिरा न आल्याबद्दल बँकेने त्यांना सोनेरी अक्षरांचा कागद दिला होता. तो लाकडी चौकटीत, काचेआड बसवून त्यांनी आम्हाला मुद्दाम चहाला बोलावलं आणि अशा खुर्चीत बसवलं, की तिच्यातून दुसरीकडे कुठे पाहायचं म्हटलं तर मान अवघडावी.

"तुमच्याकडे लावण्यासारखं काही नसेल," निघताना ते प्रेमाने म्हणाले, "तर सूर्यास्त लावा. सूर्यास्त कोणाच्याही घरात चालतो."

हा 'कोणाच्याही' मला लागला.

खरं तर माझ्याकडे लावण्यासारखं काही नव्हतं. मी नगरपालिकेत नमुना-विभागात आहे. नळजोडणी, जन्माचा दाखला, झाड तोडणे, कुत्रा पाळणे, या सगळ्यांचे अर्ज मी बनवतो. नागरिकाच्या आयुष्यात जे जे घडू शकतं, त्याला त्याला एक रकाना असतो आणि रकाना नसेल तर ते घडलेलं नसतं, या श्रद्धेवर माझी सव्वीस वर्षं गेली. प्रत्येक अर्जाच्या तळाशी 'समासात काहीही लिहू नये, अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल' असं छापलेलं असतं. हे वाक्य माझं. माझं प्रकाशित साहित्य एवढंच, पण ते न वाचलेला माणूस या शहरात सापडणार नाही. वाचून पाळलेला मात्र क्वचित. अशा साहित्याची चौकट करता येत नाही.

आणि मग मला अप्पांचा डबा आठवला.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय वर्षं एक्क्याऐंशी. तरुणपणी ते फौजेत रुग्णवाहिका चालवत आणि छप्पन्न वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या युद्धात, जिथे पाच-सात देशांच्या फौजा एका बाजूने लढल्या, तिथे ते दीड वर्ष होते. याहून जास्त आम्हाला माहिती नव्हती. विचारलं की ते म्हणत, "रस्ते फार खराब होते." त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात चार पदकं. तीन आपल्या देशाची आणि एक परदेशी. परदेशी म्हणजे सहा टोकांची चांदणी, निळी-पांढरी फीत आणि फितीच्या डाव्या कडेला बारीक तांबडी रेघ. त्या एका चांदणीवर मी लहानपणी वर्गात बराच भाव खाल्ला होता. 'माझ्या वडिलांना दुसऱ्या देशाच्या राजाने बोलावून मेडल दिलं' ही माझी पहिली कथा. त्या देशात राजा नाही हे पुढे भूगोलात कळलं.

अप्पा तेव्हा ताईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे, महिनाभर राहायला गेले होते. परत आले की लगेच त्यांचा वाढदिवस. चौकट करायची, खिळ्याला टांगायची, अप्पांना खुर्चीत बसवायचं आणि मॅनेजरांना चहाला बोलवायचं, असा साधा बेत होता. कुठलंही युद्ध सुरू करणाऱ्याला ते पंधरा दिवसांत आटपेल असंच वाटतं, असं म्हणतात.

"अप्पांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"विचारलं तर आश्चर्याचा धक्का कसा बसेल?"

"धक्का बसेलच," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या करू लागली. आमच्या हिचं हे असं असतं. भविष्य सांगते आणि घड्या करते.

फ्रेमवाल्याने चारही पदकं काउंटरवर मांडली. "मोठं मधे घेऊ," तो म्हणाला.

"तसं चालत नाही. मानाप्रमाणे लावायची असतात."

"बरं. मान कोणाचा मोठा?"

"ते मला माहीत नाही."

"मग मोठं मधे," असं म्हणून त्याने फितीवर बोट घासून मला दाखवलं. "पण साहेब, काच साफ आणि आतला माल मळका, हे आमच्या दुकानाला शोभत नाही. धुऊन आणा."

ही बातमी जिन्यात मॅनेजरांना कळली. (आमच्या जिन्यात बातमी सांगावी लागत नाही, ती कठड्याला हात लावला की लागते.) ते म्हणाले, "कडकडीत पाणी घ्या, मूठभर साबणाची पूड टाका आणि अर्धा तास विसरून जा." ज्या माणसाने पस्तीस वर्षं एक मिनिट उशीर केला नाही, त्याच्या अर्ध्या तासावर कोणीही विश्वास ठेवील.

पदकं टूथपेस्टने घासली. छप्पन्न वर्षांत त्यांना आलेला गंभीर काळपटपणा गेला आणि ती नव्या नळासारखी चमकू लागली. इथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण चारही फिती मी एका बादलीत टाकल्या.

त्या बादलीत जे झालं ते पाहायला इतिहासाचा प्राध्यापक हवा होता. आधी परदेशी निळा आमच्या पांढऱ्यात घुसला. आमच्या तांबड्याने त्याचा पाठलाग केला आणि तोही पांढऱ्यातच मुक्काम करून राहिला. हिरवा पहिली दहा मिनिटं तटस्थ होता, मग त्यालाही कोणीतरी ओढलं. अर्ध्या तासाने बादलीत पूर्ण शांतता नांदू लागली आणि चारही फिती एकाच रंगाच्या झाल्या. हा रंग कुठल्याच देशाचा नव्हता. वांग्याचा होता.

"वेगवेगळ्या धुवा म्हटलं होतं मी," बायको म्हणाली.

"कधी म्हणालीस?"

"मनात म्हटलं होतं. मोठ्याने म्हणून काय उपयोग होतो?"

फिती-बटणांच्या दुकानात गेलो. दुकानदारीणबाईंनी वांगी रंग उजेडात धरून पाहिला. "धावण्याच्या शर्यतीचं का?"

"युद्धाचं आहे."

"कोण जिंकलं?"

"आपण. म्हणजे आपल्या बाजूचे."

"मग सोनेरी न्या," त्या म्हणाल्या. नंतर माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. "अहो, खऱ्या फिती दुकानात मिळत नाहीत. माजी सैनिकांच्या कार्यालयात जा. पदकं सोबत न्या, दाखवल्याशिवाय देत नाहीत."

माजी सैनिक कार्यालयात दोन कपाटं, एक टेबल आणि एकाच दिशेला वळणारा पंखा होता. टेबलामागे निवृत्त हवालदार होते. त्यांच्या गळ्यात सुतळीने बांधलेलं भिंग होतं. त्यांनी पदकं पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा पदकं पाहिली.

"टूथपेस्ट?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच चारही पदकांच्या कडांवरून अंगठा फिरवला. तेव्हा मला कळलं, की पदकाच्या कडेवर मिळवणाऱ्याचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. चाळीस वर्षं मी त्या डब्यावर भाव खात होतो आणि एकदाही कड पाहिली नव्हती.

मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली, अप्पांचा नंबर शोधला आणि भिंग लावलं. "वडिलांना चार पदकं आहेत."

"हो. हीच ती."

"ही तीन. चौथं शौर्यपदक. ते कुठंय?"

"कसलं पदक?"

"शौर्य," हवालदार म्हणाले. "हिरवी फीत, डाव्या कडेला पिवळी रेघ."

मला तो शब्द अप्पांना कुठून चिकटवावा कळेना. अप्पा रस्ता ओलांडताना दोन्हीकडून वाहन येत नाही याची खात्री करतात आणि मग शंका आली म्हणून पुन्हा करतात. मी बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तर ते स्टूल धरतात, आणि स्टूल धरणाऱ्याला बायकोने धरावं असा त्यांचा आग्रह असतो.

"आणि ही चांदणी," हवालदार पुढे म्हणाले, "तुमच्या वडिलांना मिळाल्याची नोंदच नाही. कडेची अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. हा नंबर दुसऱ्याच कोणाचा आहे. म्हणजे एक पदक कमी आणि एक जास्त." त्यांनी भिंग माझ्याकडे वळवलं. "आता आमच्याकडे येणारी मंडळी चांगल्या घरातली असतात, असं आम्ही धरूनच चालतो."

असं धरून चालतो असं कोणी सांगितलं, की ओळखावं, आता पकड सुटली आहे. मी नगरपालिकेचं नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. त्याने तर ते आणखीच सावध झाले. चांदणी त्यांनी पाकिटात घातली, लाखेने बंद केली, कपाटात ठेवली आणि मला पावती दिली. 'बेवारस परकीय पदक, नग एक.' पावतीचा नमुना सुबक होता, हे त्याही अवस्थेत माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"आणि शौर्यपदकाची दुसरी प्रत हवी असेल तर हा अर्ज. वडिलांची सही लागेल."

अर्जात 'पदक जवळ नसण्याचे कारण' या सदरात तीन रकाने होते: हरवले, चोरीस गेले, नष्ट झाले. तळाशी छापलं होतं, 'समासात काहीही लिहू नये, अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.' माझं वाक्य दुसऱ्या खात्याने उचललं होतं! इतर वेळी माझा ऊर भरून आला असता.

घरी पोचून उरलेली तीन पदकं डब्यात ठेवतो न ठेवतो तोच ताईचा फोन. "अरे, अप्पा सकाळीच निघाले. करमत नाही म्हणाले." तिने फोन ठेवला आणि दाराची घंटा वाजली.

अप्पा पाणी प्यायले, सुनेला 'बरं आहे ना सूनबाई' म्हणाले आणि पाय धुऊन सरळ ट्रंकेकडे गेले. कुठूनही परत आले की ते ट्रंक उघडून पाहतात. आम्हाला वाटायचं, पेन्शनची कागदपत्रं पाहत असतील. मी दारात उभा होतो. त्यांनी डबा उघडला. मोतीबिंदूमुळे त्यांना धूसर दिसतं, म्हणून बोटांनी चाचपलं. एक, दोन, तीन. मग पुन्हा पहिल्यापासून. एक, दोन, तीन.

"निळं कुठंय रे?"

त्रेपन्न वर्षांचा माणूस, पालिकेत सहा लोक हाताखाली, आणि मी पाचवीतल्या मुलासारखं एका दमात सगळं बोलून टाकलं. खिळा, सूर्यास्त, टूथपेस्ट, बादली, भिंग, लाख. पावती त्यांच्या हातात दिली.

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पावतीची घडी केली आणि डब्यात चौथ्या जागी ठेवली.

"बेवारस लिहिलंय का?"

"तसा रकाना असतो, अप्पा."

"बेवारस नाहीये ते."

बायकोने चहा आणला आणि ती तिथेच बसली. मी विचारलं, "तुमचं शौर्यपदक कुठं हरवलं?"

"हरवलं नाही. दिलंय."

"कोणाला?"

"ज्याचं होतं त्याला." अप्पांनी बशीत चहा ओतला. "एक पूल होता. दोन्ही बाजूंनी मारा चालू. माझी गाडी पुलावर बंद पडली. आत सहा जखमी. मागून त्या दुसऱ्या देशाची गाडी आली. त्या ड्रायव्हरने उतरून दोर बांधला आणि माझी गाडी ओढत पलीकडे नेली. नेली त्याने. पण गाडी माझी, जखमी माझे, रिपोर्टात नाव माझं. मेडल मला."

"आणि त्याचं?"

"चार दिवसांनी त्याची गाडी नदीच्या चिखलात रुतली. मी ओढली. त्याच्या सरकारने मेडल त्याला दिलं." अप्पांनी चहाचा घोट घेतला. "दोन्ही मेडलं चुकीच्या छातीवर होती. युद्ध संपल्यावर आम्ही दुरुस्त करून घेतलं, एवढंच."

"पण बोललात कसे? त्याची भाषा..."

"बोनेट उघडलं की बोलणं व्हायचं. दोघांच्याही गाड्या एकाच कंपनीच्या होत्या. क्लच, ब्रेक, बॅटरी. आणि काय बोलायचं असतं?"

बायको डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "अप्पा, इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही, सूनबाई. हा विचारायचा, पण राजाबद्दल विचारायचा."

मी अर्ज पुढे केला. व्यवहाराचं बोलायला हवं होतं. "अप्पा, 'हरवले' वर खूण करून सही करा. दुसरी प्रत मिळेल. ती मिळाली की आपण चांदणीचंही बघू."

"पण हरवलं नाही."

"मला कळतंय. पण रकाने तीनच आहेत."

"चौथा काढ की. तूच काढतोस ना रकाने?"

"ते दुसरं खातं आहे, अप्पा. आणि नुसती खूण तर करायची."

"मी 'हरवलं' म्हणून सही केली," अप्पा सावकाश म्हणाले, "आणि उद्या तिकडे त्याच्या घरी कोणी पोलिस गेला, की हे हरवलेलं मेडल तुमच्याकडे कसं, तर?"

असा पोलिस जाणार नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकलो असतो. पण मघाशी हवालदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती नजर आठवली आणि मी पेन पुढे केलं. अप्पांनी पेन घेतलं, तिन्ही रकान्यांवर आडवी रेघ मारली आणि कागद फिरवून, बाजूच्या कोऱ्या पट्टीत, थरथरत्या पण सुटसुटीत अक्षरात लिहिलं: 'हरवलं नाही. दिलंय. त्याचंच होतं.' खाली पुलाची हकिकत चार ओळींत, आणि सही.

समासात! माझ्या बापाने, माझ्या वाक्याच्या डोक्यावर बसून!

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी टेबलाच्या त्या बाजूला अर्जदार म्हणून उभा राहिलो, जिथे सव्वीस वर्षांत कधी उभा राहिलो नव्हतो. तिथून सगळं जरा उंच दिसतं. हवालदारांनी अर्ज पाहिला.

"समासात लिहिलंय."

"हो."

"नियम माहीत आहे?"

"नियम मीच केलाय," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या पडलेल्या आवाजात मी आत्मचरित्र सांगितलं नव्हतं.

त्यांनी भिंग लावून समास वाचला. मग भिंग काढून पुन्हा वाचला. "गाड्या एकाच कंपनीच्या होत्या म्हणता?"

"असं अप्पा म्हणतात."

"मीपण ड्रायव्हरच होतो," हवालदार म्हणाले. थोडा वेळ पंखा त्याच्या त्या एका दिशेला फिरत राहिला. "नियमाने हा अर्ज रद्द. पण आज मला रद्दचा शिक्का सापडत नाहीये. सापडेपर्यंत हा त्या दुसऱ्या देशाच्या दूतावासाकडे धाडतो."

शिक्का त्यांच्या उजव्या कोपरापाशी होता. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

यानंतर पाच महिने गेले. वाढदिवस चौकटीविनाच झाला. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी कार्यालयात जाई, हवालदार मान हलवत आणि मी परत येई. अप्पा विचारत, "आज गुरुवार ना?" बस, एवढंच. मी "नाही आलं" म्हटलं, की "येईल" असं मलाच धीर दिल्यासारखं म्हणत आणि ट्रंकेकडे जात. एकदा मी दाराआडून पाहिलं. डबा मांडीवर, तीन पदकं तशीच, आणि अप्पा त्या पावतीवरून बोट फिरवत होते. कागदाला कड नसते. तरी फिरवत होते.

मॅनेजरांनी या काळात बरेच सल्ले दिले. वर्तमानपत्रात लिहा, वकील करा, हुबेहूब चांदणी बनवून घ्या, म्हाताऱ्या माणसाला काय कळणार. शेवटच्या सल्ल्यावर बायकोने त्यांच्या हातातला अर्धा राहिलेला चहा उचलून आत नेला. एवढं कडक निषेधपत्र कुठल्या दूतावासानेही कधी पाठवलं नसेल.

मग एका गुरुवारी, मी निघायच्या आत, दारावर हवालदार उभे. अंगात कोट, कोटावर त्यांची स्वतःची दोन पदकं, गळ्यात भिंग. "अप्पांनी कार्यालयात चकरा मारायच्या, हे बरं दिसत नाही," ते म्हणाले. चकरा अप्पांनी नव्हे, मी मारल्या होत्या. पण ते असो.

त्यांनी लाखबंद पाकीट अप्पांच्या हातात दिलं. "पावती परत लागेल."

अप्पांनी डब्यातून पावती काढून दिली. पाच महिन्यांत ती घडीवर फाटायला आली होती. हवालदारांनी ती घेतली आणि मग टाचा जुळवून सॅल्यूट केला. अप्पा धडपडत उठले. मी सवयीने खुर्ची धरली.

सोबत एक पत्र होतं, दूतावासाने भाषांतर करून पाठवलेलं. मी मोठ्याने वाचलं. पत्र त्या ड्रायव्हरच्या मुलीचं होतं.

'अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी तुम्हाला शोधण्यासाठी अर्ज केला होता. परदेशी पदक जवळ असण्याची कारणं त्यात तीनच होती: सापडले, विकत घेतले, वारशाने मिळाले. त्यांनी तिन्ही खोडून बाजूला लिहिलं, की हे मला त्यानं दिलं. अर्ज फेटाळून दप्तरात ठेवला गेला. आता तुमचा कागद आला तेव्हा तिथल्या एका बाईंना आठवलं, की असंच बाजूला लिहिलेला आणखी एक अर्ज आपण कुठेतरी पाहिलाय. अशा अर्जांचा गठ्ठा वेगळा असतो म्हणे, म्हणून लगेच सापडला. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. दर वर्षी ते तुमचं पदक कोटाला लावत. लोक हसत, हे आपल्या देशाचं नाही म्हणत. बाबा म्हणत, दोर बांधताना देश कोणी विचारला नव्हता. तुम्हाला हवं असेल तर मी ते परत पाठवते. जुनी फीत विरली म्हणून मी नवी शिवली आहे. मला शिवण येत नाही. चुकलं असेल तर रागावू नका.'

"गेला का," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी पत्रासोबत आलेला फोटो मागितला. हवालदारांनी न मागता गळ्यातलं भिंग काढून दिलं. अप्पांनी फोटो उजेडाकडे धरला. कुठल्याशा घराची भिंत, तिच्यावर काचेची चौकट, आणि आत अप्पांचं पदक. तेही नव्या नळासारखं चमकत होतं.

"टूथपेस्ट," हवालदार पुटपुटले.

आणि अप्पा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी. "अरे, फीत उलटी शिवलीय पोरीने! पिवळी रेघ डावीकडे असते. हिने उजवीकडे केलीय!"

या बाईंना मी पाहिलेलं नाही, पाहण्याची शक्यता नाही. पण मला त्यांच्याबद्दल सख्ख्या बहिणीसारखी माया दाटून आली.

अप्पांनी डोळे पुसले. "तिला लिही, परत पाठवू नको. ते तिकडचंच आहे. आणि फीत उसवू नको म्हणावं. छान शिवलीय."

हवालदारांनी नव्या फिती आणल्याच होत्या, निळी-पांढरी दूतावासाकडून खास मागवलेली. शौर्यपदकाच्या दुसऱ्या प्रतीचा विषय कोणी काढला नाही. फिती शिंप्याकडे द्यायला मी निघालो तेव्हा अप्पांनी हाक मारली.

"निळी उलटी शिवायला सांग."

"अप्पा, तांबडी रेघ डावीकडे असते ना?"

"असते. उजवीकडे कर."

शिंप्याने दोनदा विचारलं, "मुद्दाम?" मी दोनदा सांगितलं, "मुद्दाम."

त्याच आठवड्यात कचेरीत नळजोडणीच्या नव्या अर्जाची छपाई होती. तळाचं माझं वाक्य मी खोडलं. साहेब म्हणाले, "मग लोक समासात काहीबाही लिहायला लागतील." मी म्हणालो, "लिहू देत. वाचायला मी आहे." समास बोटभर रुंदही केला. त्यातून आतापर्यंत बाहेर आलं ते असं, की तीन जणांचे शेजारी नालायक आहेत आणि एका आजींच्या नळाला पाणी रोज पहाटे येतं, पण उठवणारं आता कोणी उरलेलं नाही. या आजींचं काय करायचं, ते मी बघतो आहे.

चौकट झाली. फ्रेमवाल्याने मान कोणाचा ते विचारलं नाही, मीच सांगितलं. तीन पदकं वर, आणि खाली मधोमध चांदणी. तिच्या शेजारी एका पदकाएवढी जागा मोकळी सोडली. अप्पा म्हणाले, "असू दे, बरी दिसते." अप्पांनी स्वतः खिळ्यावर टांगली. स्टूल मी धरलं आणि मला बायकोने.

मॅनेजर चहाला आले. मी त्यांना नेमक्या खुर्चीत बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. पस्तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या तपासलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार?

"छान आहे," ते म्हणाले. "पण इथे एक जागा रिकामी राहिलीय. आणि राग मानू नका, ही निळी फीत उलटी लागलीय हो."

"हो," अप्पा बशीत चहा ओतत म्हणाले. "तिकडेही."